दुधाचे दात

"आऽ कर," जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, म्हणाला आणि माझा जबडा त्यानेच धरून उघडला. सोलापुरातल्या गिरणीचं आवार. टेबलामागे डॉक्टर, पुढे आम्हा पोरांची रांग. बारा वर्षांखालचं पोर कामाला घ्यायचं नाही, असा सरकारचा कायदा. आमच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? म्हणून वय दातांवरून ठरवायचे.

"धनगराची हाय, साहेब. शेळीगत दात बगा की!" जॉबर म्हणाला.

सगळे हसले. डॉक्टरही. जॉबरच्या बोटांना तंबाखूचा वास होता, तो अजून माझ्या तोंडातून गेलेला नाही. माझा बाप, आबा, मुंडासं हातात घेऊन शेजारी उभा. मोहोळच्या बाजारात मेंढराचे दात बघून वय सांगणारा माणूस! माझ्या वेळी मात्र खाली बघत म्हणाला, "बारा सरली." मी नऊची होते. दुष्काळात मेंढरं मेली, म्हणून आम्ही शहरात आलो होतो. डॉक्टरला काय दिसत नव्हतं? तरी दाखल्यावर शिक्का बसला.

मग कताई खातं. तुटलेले धागे जोडायचे. डोळा लागला की पाठीत दणका. कापसाची तूस छातीत बसली, खोकला लागला तो लागलाच. करंगळी साच्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रात, सापडून वाकडी झाली. वर्षं गेली, पण माझी उंची काही वाढली नाही.

एका सकाळी मी सुताच्या बॉबिनांची टोपली घेऊन आवारातून जात होते. रांगेत आबा दिसला. त्याच्या हाताला माझी धाकटी बहीण, काशी. तिचा पुढचा दात हलत होता, तो ती सारखी बोटाने हलवत होती. जॉबरने तिच्या जबड्याकडे हात नेला.

टोपली टाकून मी धावले. तिच्या तोंडावर तळहात ठेवला.

"सोड तिला. न्हायतर उद्यापास्नं तूबी येऊ नगंस," जॉबर ओरडला.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. दुधाचे दात असलेलं कोकरू खाटकाला द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. उपास पडले तरी आबाने ती मोडली नव्हती.

"आबा, दुधाच्या दाताचं कोकरू तुमी खाटकाला कदी दिलंय का?"

"न्हाय," आबा म्हणाला. त्याने काशीला खांद्यावर घेतलं आणि तो फाटकाबाहेर पडला.

त्या दिवशी चूल पेटली नाही. आई मला वाट्टेल ते बोलली. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तशी मी फाटकाशी गेले. कामाला नव्हे. रांगेला निघालेल्या एकेका लहानग्याला अडवून सांगायला, "खरं वय सांग. त्येला दात दावू नगंस."

जॉबरने मला ढकलून पाडलं. मी उठले आणि पुढच्या पोरीचा हात धरला.