पट्टी खाली आल्यावर

ईशिता गोरक्षकरचा जन्म नॉटिंगहॅमचा. आई मंजिरी हॉस्पिटलात नर्स, वडील सतीश शाळेत गणित शिकवायचे. एकोणिसाव्या वर्षी युनिव्हर्सिटी सोडून ती गायला लंडनला गेली आणि वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

बाविसाव्या वर्षी तिचं पहिलं गाणं चार्टमध्ये सहावं आलं. शेवटच्या कडव्यात ती एक उंच सूर धरायची. पुढची चार वर्षं गावोगाव तेच गाणं, तोच सूर. मग लीड्सच्या कार्यक्रमात तो आलाच नाही, नुसती हवा आली. तिने माइक लोकांकडे वळवला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं. त्यांनीच गाणं पुरं केलं.

घशात गाठी निघाल्या. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. ती आईवडिलांकडे राहायला आली. आई दिवसभर ड्युटीवर, घरात रिटायर झालेले वडील. दोन दिवस दोघंही गप्प. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना ते म्हणाले, "तुला उलट बोलता येत नाही, तोवर मी बोलून घेतो. इथल्या तुझ्या शोला मी आलो होतो. मागे, पायऱ्यांजवळ उभा होतो."

तिने रोमन अक्षरांत लिहिलं, 'का नाही सांगितला?'

"सांगितलंस," त्यांनी सवयीने चूक सुधारली. "तू विचारलं असतंस, कसं वाटलं? मला गाण्यातलं काय कळतं!"

ती हसली, पण आवाज न करता.

आवाज परतला, पण दोन पट्ट्या खाली. स्टेजवर उंच सूर जुन्या रेकॉर्डिंगमधून वाजवू, तू फक्त ओठ हलव, असं तिच्या रेकॉर्ड कंपनीने सुचवलं. ती नाही म्हणाली. करार संपला. वर्षभर कोणी बोलावलं नाही. तेव्हा तिने एका कॉलेजात गाणं शिकवायला घेतलं. हळूहळू नव्या आवाजासाठी नवी गाणी लिहिली.

आज ती तेहतीस वर्षांची आहे. त्या नव्या गाण्यांचा दुसरा अल्बम चार्टमध्ये कुठेच नव्हता. दोनशे खुर्च्यांचे हॉल मात्र भरतात. मागे लंडनमधल्या हाउन्सलोला एक बाई कार्यक्रमानंतर तिला गाठून म्हणाली, "ते जुनं गाणं तू बरोबर म्हटलं नाहीस."

"आता ते असंच आहे," ईशिता म्हणाली आणि तिने वायरी गुंडाळायला घेतल्या.