बागेत सापडलेला राणीछाप रुपया

नव्वदच्या दशकातला एक शनिवार. बेसिंगस्टोक. कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, गेले होते पडदे बघायला, आणि घरी आले ती चक्क मेटल डिटेक्टर घेऊन…

आमच्या डॉक्टरसाहेबांनी आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "याचं काय करणार?" मी म्हटलं, रोमन नाणी शोधणार. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये भेटेल त्याला हेच सांगून हसत होते.

पण मनातून खूश होते, हे मला कळत होतं. त्याआधीची कितीतरी वर्षं, अगदी ग्लासगोपासून, आम्ही दर सहा महिन्यांनी नव्या हॉस्पिटलच्या गावी बिऱ्हाड हलवत होतो. आता यांना कायमची नोकरी लागली होती, स्वतःचं घर घेऊनही दोन वर्षं झाली होती… तरी बागेत मी एक रोप लावलं नव्हतं. लावायचं आणि पुन्हा निघावं लागलं तर?

शेजारी डेरेक राहायचा. रिटायर्ड पोस्टमन आणि या छंदात पक्का मुरलेला. तो म्हणाला, शेतात जायचं तर शेतकऱ्याची परवानगी लागते, आधी स्वतःच्या बागेत हात बसू दे. मशीन जमिनीलगत धर, हळू फिरव आणि आवाज ओळखायला शिक. लोखंडाचा घोगरा, चांदीचा उंच आणि स्वच्छ.

मला बरेच दिवस घोगराच ऐकू येत होता. गंजके खिळे, कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या, चाकं नसलेली खेळण्यातली मोटार… आणि स्टीलचा एक वाकडा चमचा. डॉक्टरसाहेब म्हणाले, चला, निदान बाग तरी साफ होतेय.

आणि एका रविवारी, मागच्या कुंपणापाशी, तो आवाज आला. असा स्वच्छ की मी धावत जाऊन खुरपं आणलं. वीतभर खणलं आणि मातीतून वर आला राणीछाप रुपया! मुकुटवाली राणी, मागे 'वन रुपी, इंडिया'. बेसिंगस्टोकच्या मातीत! मी कुंपणावरूनच डेरेकला हाका मारत सुटले.

डेरेकने भिंगातून बघितलं आणि गोष्टच रचली. ही घरं व्हायच्या आधी इथे शेत होतं. हिंदुस्थानातून परतलेला कुणी सैनिक, नांगर धरला असताना त्याच्या खिशातून पडला असणार… चहागणिक तो सैनिक वाढत गेला. आधी मिशा आल्या, मग घोडा, मग वाट बघणारी प्रेयसी. मीही मान डोलावत होते. आता तुम्ही म्हणाल, बाई, जरा डोकं चालवायचं! पण पहिलं नाणं सापडलं की डोकं चालत नाही हो.

गुरुवारी डेरेकच्या क्लबची मीटिंग होती. तिथे महिन्यातली सगळ्यात सुंदर वस्तू निवडायचे. त्याने माझं नाव देऊनही टाकलं. इतक्या वर्षांत या देशात मला कुणी पहिल्यांदाच काहीतरी दाखवायला बोलावलं होतं. साडी नेसू की ट्राउझर्स घालू, इथपर्यंत माझी तयारी झाली.

आदल्या संध्याकाळी पुण्याला सासूबाईंना फोन लावला. फोन महाग, म्हणून सगळं एका दमात सांगितलं.

"आई, ऐकू येतंय ना?"

"येतंय गं. ईशान्येला सापडला का?"

"ईशान्य मला कुठली कळायला! शेडसमोरच्या कोपऱ्यात."

"तोच तो. सुपारी होती का बरोबर? कुजली असेल म्हणा."

मग त्यांनी सगळं सांगितलं.

घर घेतलं तेव्हा त्या आल्या होत्या. वास्तुशांत करू या म्हणत होत्या. यांनी साफ नकार दिला, इथे होम पेटवला तर फायर ब्रिगेड येईल म्हणाले. सासूबाई बरं म्हणाल्या, आणि आम्ही कामावर गेल्यावर गुपचूप बागेत उतरल्या. जवळ कुदळ नाही, म्हणून चमच्याने खणलं. चमचा वाकला, तर तोही तिथेच जवळपास पुरून टाकला!

"माझ्या सासूबाईंनी दिलेला रुपया तो," त्या म्हणाल्या. "किती गावं हिंडलात गं पोरांनो. म्हटलं, इथे तरी मुळं धरू देत… परत ठेवशील ना?"

ठेवते म्हटलं. पण खरं सांगते, जिवावर आलं होतं. माझं पहिलं नाणं… आणि डेरेकला काय तोंड दाखवू?

सकाळी त्याच्या दारात जाऊन सगळं सांगून टाकलं. सैनिक नाही, घोडा नाही, सासूबाई आहेत. तो डोळे मोठे करून म्हणाला, "ओह लव्ह, दॅट्स ईव्हन बेटर!"

रोमन लोकही नव्या घराच्या जमिनीत नाणं पुरायचे म्हणे. जन्मभर तो अशी नाणी उकरत आला होता. "पण ते कुणी पुरलं आणि कशासाठी, हे मला आज पहिल्यांदा कळतंय," म्हणाला.

त्या संध्याकाळी साडीच नेसले. टेबलावर रुपया आणि शेजारी वाकडा चमचा. बक्षीस एका रोमन ब्रोचला मिळालं, पण गर्दी माझ्या टेबलाभोवती होती. सगळ्यांना सासूबाईंची गोष्ट ऐकायची होती.

रुपया परत ठेवायला खड्डा डॉक्टरसाहेबांनी स्वतः खणला. नवी सुपारीही त्यांनीच शोधून आणली. "फक्त होम नको," एवढंच म्हणाले. आणि मी तिथेच गुलाब लावला… या घरातलं माझं पहिलं रोप.

सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही अजून त्याच घरात आहोत. इथेच वाढलेली माझी मुलगी म्हणते, "आई, आजीचं कॉइन काढ ना, फ्रेम करूया."

मी नाही काढत. दर पाडव्याला शेडमधून ते जुनं मशीन काढते, नव्या बॅटऱ्या घालते आणि गुलाबापाशी एकदाच फिरवते. तोच उंच, स्वच्छ आवाज येतो…

"आहोत हो आई, इथेच आहोत," म्हणते, आणि चहा टाकायला आत जाते.