जवारीच्या पिठातला कोंबडा

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. वडील मोर्चाची उरलेली पत्रकं घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि छापील बाजू वाचून भडकायची. म्हणून विसाव्या वर्षी मी स्वतःचं पत्रक काढलं, तेव्हा घरात कुणी मान वर करूनही बघितलं नाही. त्या वर्षीच्या दुष्काळात आमच्या पडेगावच्या वसाहतीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि तोही येईलच ह्याचा भरवसा नसायचा. 'प्यायला पाणी नाही, मग ही उधळण कशाला?' असा माझा मथळा होता. गाड्या धुणाऱ्यांपासून अंगणात सडा मारणाऱ्यांपर्यंत मी कुणालाच सोडलं नव्हतं.

पहिली प्रत आत्याला दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती पिल्लांच्या खोक्यात अंथरली.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. काही वर्षांपूर्वी चारा संपला तशी आत्यानं मेंढरं विकली आणि चार कोंबड्या, एक नर घेऊन आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली. सगळी असील, म्हणजे झुंजीच्या देशी जातीची. कोणता मेंढा कळपात ठेवायचा हे ज्या नजरेनं ठरवायची, तीच नजर आता तिनं कोंबड्यांवर लावली. पांढऱ्याशुभ्र रंगाचा, ताठ मानेचा, रुंद छातीचा नर तिला काढायचा होता. पाच पिढ्या ती एकेक पिल्लू उचलून उन्हात धरत आली. मानेवर पिवळी झाक दिसली की ते बाद.

"आत्या, रंगावरून निवड? शोभतं का आपल्याला?" मी एकदा तोफ डागली.

"माणसाचं तू पत्रकात लिही," ती पिल्लाच्या पंखात फुंकर मारत म्हणाली. "कोंबड्याचं मला कळतं."

पाचव्या पिढीत तिला हवा तसा नर मिळाला. झाक जराशी होती, पण बांधा असा की चालताना वाटायचं, सात-बारा ह्याच्याच नावावर आहे. आणि तो पहाटे चारला आरवायचा.

तोवर आमच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या. वसाहतीची सोसायटी झाली, सोसायटीला सचिव मिळाले. ते निवृत्त कारकून होते, मूळ गंगापूरकडच्या शेतकरी घरातले. एक दिवस ते फाइल काखेत मारून आत्याच्या दारात उभे राहिले.

"मावशी, ह्याचा आवाज फार आहे. खुराडं हलवा."

"आन् तुमची गाडी मागं घेताना सनई वाजवती, ती?"

"ती गाडी आहे."

"मग ह्यो बी काय साधा कोंबडा नाय. नंबरातला हाय."

"नंबर? कागद दाखवा."

कारकून माणूस, कागदावर येऊन थांबला. शेवटी ठरलं ते असं: रविवारी शहरातल्या शेतीच्या प्रदर्शनात देशी कोंबड्यांची स्पर्धा आहे, तिथला नंबर लिहिलेला कागद आणा, खुराडं राहील. नाहीतर सोमवारी उचलायचं. ते गेल्यावर आत्या बराच वेळ खुराड्याला टेकून बसली. मेंढरं विकल्यावर ती अशीच बसली होती.

शनिवारी बघितलं तर शेजारच्या बांधकामाच्या धुळीनं कोंबडा सिमेंटच्या रंगाचा झालेला. आत्यानं तीन बादल्या काढल्या. एक साबणाची, दोन नितळ. मी बादल्यांपुढं आडवी उभी राहिले.

"आत्या, तीन बादल्या म्हणजे एका घराचं दिवसाचं पाणी. मी पत्रकात काय लिहिलंय?"

"शहाणे, तुझ्या पत्रकावर पिल्लं हागत्यात."

तरी मी हटले नाही. लोकरीच्या पांढऱ्या टोपीला कोरडं पीठ चोळलं की मळ निघतो, असं मी कुठंसं वाचलं होतं. आत्यानं कुरकुरत जवारीचं पीठ काढलं. आम्ही दोघींनी कोंबड्याला मांडीवर घेऊन पिसापिसात ते चोळलं. मळ खरंच निघाला. पीठ झटकायला मी फडकं घेतलं, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे थोडं. मानंवरची झाक झाकती."

"ही फसवणूक आहे!"

"पावडर लावून लग्नाला जातीस, तवा काय असतं?"

मी फडकं परत खुंटीला अडकवलं.

रविवारी प्रदर्शनाच्या मैदानात आमचा पिंजरा कडेला लागला. चुना दिलेल्या भिंतीसारखा कोंबडा लखलखत होता. येणारे-जाणारे थांबत होते. आत्या पदर सावरून अशी उभी, जणू तिलाच तपासणार आहेत. तेवढ्यात पाहुणे येणार म्हणून धूळ बसवायला टँकर आला आणि एकजण पाइप धरून मैदानभर पाणी मारायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"ओ दादा! लोक घागरी घेऊन रांगेत, आणि तुम्ही मातीला पाजताय?"

त्याला नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हन्ता ताई?" म्हणत तो माझ्याकडं वळला. त्याच्याबरोबर पाइपही वळला.

मी खाली वाकले. माझ्यामागं पिंजरा होता.

पिठात पाणी गेल्यावर जे होतं तेच झालं. कोंबड्यानं एकदा अंग झाडलं, बाजूच्या तीन पिंजऱ्यांवर पिठाच्या लगद्याचे शिंतोडे उडाले आणि उरलेला लगदा त्याच्या अंगाला घट्ट बसला. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग पदरानं कोंबड्याची चोच पुसली.

परीक्षक गुरांचे म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी कोंबडा उचलला. हात बरबटले.

"बाई, हे काय?"

"पीठ, साहेब."

"कशाचं?"

"जवारीचं. घरचंच."

डॉक्टर हसता हसता थांबले. पिसं अंगाला चिकटल्यामुळं कोंबडा जसा होता तसा उघडा दिसत होता. त्यांनी छातीवर पंजा ठेवून रुंदी बघितली, पाठीवरून बोट फिरवलं, मांड्या दाबल्या. पुन्हा एकदा सगळं बघितलं. इतरांच्या फुललेल्या पिसांत त्यांना हात खुपसून चाचपावं लागत होतं, इथं लपायला काही उरलंच नव्हतं.

"असा बांधा मी लई वर्षांत बघितला नाही," ते म्हणाले आणि कागदावर लिहू लागले. रंग: गुण नाहीत. बांधा: पहिला.

संध्याकाळी सचिव फाटकातच उभे होते. आत्यानं कागद पुढं केला. पिंजऱ्यात, अंगावरचं पीठ सुकून खडखडणारा कोंबडा होता.

"रंगात गुण नाहीत?"

"रंग घरी हाय. धुतल्यावर दिसंल."

त्यांनी शिक्का नखानं खरवडून बघितला. मग आवाज उतरवून विचारलं, "मावशी, ह्याच्या पिल्लांतलं काही मिळेल का? आमच्या घरी पूर्वी असायची."

आत्याची मेंढरांतली नजर चमकली. "अर्ध्या वाट्यानं देते. जोडी तुमी सांभाळायची, पिल्लं झाली की निम्मी माझी." दुसऱ्या दिवशी तिनं एक कोंबडी आणि सगळ्यात मोठ्या नरड्याचा तरणा नर त्यांच्या गच्चीवर पोचवला. आता पहाटे चारला वसाहतीत दोन कोंबडे आरवतात, आणि आवाजाबद्दल सोसायटीच्या बैठकीत कुणी ब्र काढत नाही.

पण त्या रविवारी पीठ काढायला पाणी लागणारच होतं. घरात मोजून एक बादली होती, माझ्या अंघोळीची. मी ती निमूटपणे आत्यासमोर ठेवली. तिनं कोंबड्याला हळूहळू भिजवलं, मानेवरची पिवळी झाक पुन्हा उमटली, आणि तिनं पिठाचा डबा माझ्याकडं सरकवला.

"घे. आता तू चोळ अंगाला."