कोहळ्यावरचा पहिला वार

“याची बोली लावू नका. हे तिलाच परत द्या. बिचारीच्या घरी उपयोगी पडेल.”

एल्डरसाहेब, म्हणजे आमच्या मंडळीचे कारभारी, बोलले. तेही माईकवर. कानात सांगतलं असतं तं मी गिळून घेतलं असतं. सगळ्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या. हसले असते तं बरं झालं असतं, हसणाऱ्याशी भांडता तरी येते. टाळ्या वाजवणाऱ्याशी कसं भांडावं?

टेबलावरचं माहं कोहळं कोणीतरी उचललं अन् माह्याच हातात देल्लं. समोर मोबाईल धरला.

“ताई, इकडं पाहा. थोडं हसा.”

अन् मी हसली. अजूनही ते आठवलं की जीव जळते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पिकं घरी आली की हंगामाचा सण असते. ज्याच्या वावरात जे पिकलं ते देवाले आणायचं, वेदीपुढं मांडायचं. उपासना झाली की त्याचा लिलाव. पैसा मंडळीच्या कामाले. एका अंड्यावर बोली चढत चढत कोंबडीच्या वर जाते, लोकं पोट धरून हसतात. मंग चिंचेखाली सगळ्याईचं प्रीतिभोजन.

मले वावर नाही. नवऱ्याचा टेम्पो होता. नवरा गेला, त्याच्या मागं टेम्पोही गेला. पोरगी लग्न होऊन दूर. राळेगावच्या आसपास लोकाईच्या वावरात मी निंदण करते, कापूस वेचते. औंदा पावसानं सोयाबीन उभं सडलं, त्याच्यासंगं आमचं कामही सडलं.

तवा मले एक गोष्ट समजली. गरिबी आली की भांडी मागून जातात, माणसं आधी जातात. उपासनेतून निघताना बाया मले “सलाम” करायच्या अन् लगेच पदर सावरत दुसरीकडं पाहायच्या. ही काही मागन म्हणून. अरे बाप्पा, मी कोणाले वाटीभर साखर तरी मागतली होती काय? मी बसली की सतरंजीवर आजूबाजूची जागा मोकळीच राहायची. “प्रार्थनेत आठवण ठेवतो हं,” असं म्हणायचे. ठेवत असतील. घरी मात्र कोणी आलं नाही.

पाळकसाहेब, आमचे पाद्री, एकदा आले. चहा नको म्हणाले, उभ्या उभ्याच बोलले. “बहीण, विश्वास कमी पडतोय. विश्वासानं माग. देव छप्पर फाडून देईल.”

मी वर पाह्यलं. टीन आधीच फाटलेलं होतं.

त्याच टिनावर कोहळ्याचा वेल चढवला होता मी. भांडे घासलेलं पाणी त्याले टाकायची. सांजेले कामावरून आल्यावर बोलायले घरात कोणी नसे, मंग त्याच्याशीच बोलायची. “खाल्लं काय रे?” असं विचारायची त्याले. याड लागल्यासारखंच होतं ते, पण एकटीच्या घरात आवाज नसला की भिंती अंगावर येतात. त्या वेलानं एकच कोहळं धरलं, तुमच्याकडं त्याले लाल भोपळा म्हणतात. लय मोठं.

ते विकलं असतं तं तेलमीठ आलं असतं. खाल्लं असतं तं चार दिवस गेले असते. पण खायाचं कसं? आमच्याकडं बाई सबंध कोहळं फोडत नाही. पहिला वार माणसाचा. कोहळं म्हणजे घरातलं थोरलं लेकरू, त्याच्यावर मायनं हत्यार चालवू नये म्हणतात. आजोबाच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो, देव बदलला, नावं बदलली. कोहळ्याचं काही बदललं नाही. नवरा होता तवा तो एक वार करून द्यायचा अन् म्हणायचा, “घे, आता तुहं राज्य.” आता शेजारचा माणूस बोलवावं तं शेजारीण तोंड वाकडं करते.

मंग ठरवलं, हे देवाले. खरं सांगते, मले आशीर्वाद नव्हता पाहिजे. देणाऱ्याईच्या रांगेत एकदा उभं राहायचं होतं. वर्षभर माह्याकडं लोकं घेणारी म्हणून पाहून राह्यले होते, अन् मी तं काही घेतलंही नव्हतं.

तर मी ते डोक्यावर घेऊन गेली. वेदीपुढं ठेवलं. बाजूले एल्डरसाहेबाच्या वावरातला कापूस होता, पांढराशुभ्र, गाठोडं बांधून. तो मीच वेचला होता. नाव त्याईचं होतं. पाळकसाहेबानं त्या दिवशी बायबलातल्या त्या विधवेवर संदेश देल्ला, जिनं होत्या नव्हत्या त्या दोन दमड्या देवाच्या पेटीत टाकल्या. लय छान बोलले. बाया डोळे पुसून राह्यल्या होत्या. अन् अर्ध्या तासानं विधवेच्या दमड्या विधवेच्याच हातात वापस!

कोहळं कमरेवर घेऊन मी फाटकापर्यंत आली. मागं लिलाव चालू होता, अंड्यावरून हसणं चालू होतं. ‘जेवून जा’ असंही कोणी म्हणलं नाही. रस्ता सुना होता. तिथं मले रडू आलं. घरी नेऊन करू काय याचं? फोडन कोण? त्याईनं मले असं दान देल्लं होतं की जे मले खाताही येत नव्हतं.

मी मोठ्यानं बोलली, “येशू, हे मी तुले देल्लं होतं. या एल्डरानं कोणाले विचारून वापस केलं?”

उत्तर आलं नाही. मी वाट पाह्यली, तरी आलं नाही. पण तो सवाल तोंडातून निघाला अन् माहे पाय उलटे फिरले.

चिंचेखाली चुलवणावर भाजीचं गंज, मोठं पातेलं, चढलं होतं. मार्थाकाकू पावशीवर बसून कांदे चिरत होती. काड्या फोडायचा कोयता बाजूले पडला होता. मी तो उचलला, कोहळं पाटावर ठेवलं.

“थांब व माय!” मार्थाकाकू ओरडली. “माणसाचा हात लागू दे आधी. अपशकुन करतं काय?”

तिचा आवाज ऐकून एल्डरसाहेब आले. “अगं, तुला दिलं ना ते? घरी ने.”

“तुमचं होतं काय साहेब, मले द्यायले?” मी म्हणलं. “मी देवाले देल्लं होतं. देवानं वापस केलं नाही. तुम्ही केलं.”

अन् वार केला. एका घावात नाही फुटलं. दुसरा घातला. तिसऱ्याले फाकलं, आत पिवळंजर्द. बिया मी पदरात बांधल्या. फोडी करून गंजात टाकल्या. फोडलेलं कोहळं कोणी कोणाले वापस करू शकत नाही.

पंगत बसली. सगळ्याईनं ती भाजी खाल्ली. एल्डरसाहेबानंही खाल्ली, खाली मान घालून. माह्या बाजूले मात्र कोणी बसलं नाही. मी पत्रावळ चाटूनपुसून खाल्ली अन् एकटी घरी आली.

दुसऱ्या आठवड्यात एल्डरीणबाई दारात आल्या. हातात किराण्याची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल. मले गरज होती. डब्यात पीठ नव्हतं, खोटं कायले बोलू? मी वेलाची फुलं तोडून त्याईच्यापुढं धरली. म्हणलं, “घ्या बाई, भाजी लय चांगली होते. मंग मी तुमची पिशवी घेते.”

“नको नको, तुम्हालाच होतील.”

“मंग हेही तुम्हालेच होईन,” मी म्हणलं.

पिशवी वापस गेली. त्या दिवशी मी नुसती फुलं शिजवून खाल्ली. पोट भरलं नाही.

आता मंडळीत कोणी कोणी मले म्हणते, उभी राहून साक्ष दे. देवानं कसं भरभरून देल्लं ते सांग. नाही देल्लं. देव आहे, अन् माह्या डब्यात पीठ नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमची चूल थंड असन अन् कोणी म्हणत असन तुमचा विश्वास कमी पडला, तं त्याले खुशाल दार दाखवा. विश्वास कमी असता तं मी ते एकुलतं एक कोहळं वेदीपुढं ठेवलं असतं काय?

जो माह्या हातचं घेत नाही त्याच्या हातचं मी घेणार नाही. मंग उपास पडला तरी चालन.

बिया राखेत घोळून ठेवल्या आहेत. पाऊस पडला की लावीन. पुढच्या हंगामाले कोहळं डोक्यावर घेऊन बसलेल्या मंडळीच्या मधल्या वाटेनं जाईन अन् वेदीपुढं ठेवीन. कोयताही घरूनच नेईन.