डावी बाजू बसली

तोंडानं मी नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्या नेकनूरात माझ्या वयाच्या बायका अजून घेत नाहीत. पण लिहिताना ‘हे’, ‘ते’, ‘आमचे’ करत बसले तर वाचणाऱ्याचा घोळ होईल, म्हणून कागदावर सरळ सोमेश्वर म्हणते. कागद काही सासूबाईंना जाऊन सांगत नाही.

सोमेश्वरांचं स्टँडच्या मागं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची मोटार जळली की आसपासच्या गावांतून ती यांच्याकडे येते. जळालेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश करून वाळवायची, हे काम ते लग्नाच्या आधीपासून करताहेत. चालू मोटारीच्या अंगाला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावली की बेअरिंग गेलंय का नाही, ते त्यांना तिथंच कळतं. दुकानात दिवसभर मोटारींची घरघर आणि ग्राइंडरचं किंचाळणं. अशा माणसाला घरी आल्यावर शांतता हवीशी वाटावी ना? यांना गाणं हवं असायचं. तेही गाणाऱ्यानं जसं गायलं तसंच्या तसं, मधे खरखर नको, घुमणं नको.

हा नाद वाढवला अमरसिंहांनी. मांजरसुंब्याकडं त्यांची मोठी शेती, घराणं पुढाऱ्यांचं; अमरसिंह मात्र बरीच वर्षं मुंबईत राहून परत आलेले. एकदा बोअरची मोटार टाकायला आले आणि गाडीतून एक खोकं काढून यांच्यापुढं ठेवलं. आत हेडफोन होता, इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात तसला. साध्या हेडफोनात चुंबक असतं, तारेचं वेटोळं असतं. यात त्यातलं काहीच नाही. दोन जाळ्यांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याला कैकशे व्होल्टचा दाब द्यावा लागतो. तो पडदा थरथरला की आवाज होतो. हे सगळं मला सोमेश्वरांनी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

“मुंबईच्या दमट हवेत नुसतं चिरचिर करतंय,” अमरसिंह म्हणाले, “आणि त्याला चालवणारी पेटीबी जळाली. लई जणांना दाखवलं. तू ठेव. वाजला तर तुझा, न्हाई वाजला तरी तुझाच.”

आमच्या कोरड्या हवेला सगळे नावं ठेवतात, पण या हेडफोनला ती मानवली. चिरचिर आपोआप थांबली. प्रश्न राहिला पेटीचा. हा हेडफोन मोबाइलला लावून चालत नाही, त्याला तोलामोलाचा जोडीदार लागतो. यांनी आधी भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला, तर आवाज फाटला. मग कुणाचा तरी जुना टेपचा अ‍ॅम्प्लिफायर आणला, त्यात गाण्यापेक्षा गुणगुणच जास्त. शेवटी शिरूर कासारला कुणाच्या माळ्यावर तंबू टॉकीजच्या काळातला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पडून होता, तो पोत्यात घालून एसटीनं आणला. त्याच्यापुढं स्वतःच्या हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर बसवला, पडद्याला दाब द्यायला वेगळी पेटी केली. पोरीची सोयरीक जमवताना माणसं एवढं बघत नाहीत.

आणि तो वाजला. त्या दिवशी सोमेश्वर जेवायला उठलेच नाहीत. डावीकडं एक वाद्य, उजवीकडं दुसरं, गाणारा बरोबर मधे कपाळापुढं बसलेला, असं मला हातवारे करून सांगत राहिले. मी म्हटलं, मला लावू द्या की. तर म्हणाले, “हात लावू नको, शॉक बसंल.” पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून डब्यात घालून तो डबा ज्वारीच्या कोठीत पुरला. दळण काढायला हात घातला तर हाताला डबा लागला, मी एवढ्यानं ओरडले की शेजारीण पळत आली. एकंदरीत सवतच होती ती माझी, पण घरात सुख होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ते हेडफोन काढून म्हणाले, “डावी बाजू बसली.”

अशा हेडफोनाची एक बाजू बसते, हे खरंय. आत धूळ जाते, पडद्यावरचा दाब गळतो. नेमकी तेव्हा बाजरीची खळी चालू होती, गावभर भुसकट उडत होतं. सोमेश्वरांनी डावी बाजू उघडली, जाळी पुसली, जोड नव्यानं डागले. फरक नाही. मग ट्रान्सफॉर्मर उलगडून पुन्हा गुंडाळला. फरक नाही. डावी वाटी कापसात गुंडाळून पुण्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडं पाठवली. त्यानं तपासून परत पाठवली आणि दोष नाही म्हणून कळवलं. सोमेश्वरांनी फोनवर त्याचा उद्धार केला, चोर म्हणाले, न उघडताच पाठवलं म्हणाले. माझ्या नवऱ्याला मी कुणाला चोर म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात ते चिडके झाले. रस्ता ओलांडताना एकदा मोटारसायकलच्या पुढ्यातच गेले. मी स्वयंपाकघरातून हाका मारायची, ते हूं की चूं करायचे नाहीत. आता नवरे बायकोचं ऐकत नाहीत यात नवल ते काय? चारचौघींत बोलले असते तर हसण्यावारी गेलं असतं.

होळीच्या सुमाराला त्यांनी ठरवलं की डाव्या बाजूचा पडदाच सोलून काढायचा आणि नवा ताणायचा. कुठून तरी तसला पातळ कागद मागवला. जुना पडदा एकदा सोलला की परत लागत नाही आणि नवा घरी ताणून जमेलच असं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. दुपारी लाइट आली तशी पडवीत पाटावर सगळं मांडून बसले. शेवटचं म्हणून गाणं लावून ऐकत होते, शेजारी ब्लेड ठेवलेलं. तेवढ्यात ट्रॉलीत मोटार घेऊन कुणीतरी दारात आलं आणि ते उठून बाहेर गेले.

मी हेडफोन उचलला. थोडी हौस होती, थोडा राग होता. शॉक बसायचा तर बसू दे म्हटलं आणि कानाला लावला.

शॉक बसला नाही. गाणं आलं, आणि दोन्हीकडून आलं. मी डोळे मिटून नीट ऐकलं. मग काढून उलटा घातला, डावा उजव्याला, उजवा डाव्याला. तरी दोन्हीकडून सारखंच. मला सूर-ताल कळत नाही, पण एका कानाला ऐकू येतंय का दोन्ही, एवढं कुणालाही कळतं. हाका, मोटारसायकल, ती चिडचिड, सगळं एकदम समजलं. क्षणभर वाटलं, ठेवून द्यावा, काही बोलूच नये, फाडू दे त्यांना तो पडदा. दुसऱ्या क्षणी स्वतःचाच राग आला.

ते आत आले. माझ्या हातात बघून ओरडले, “ठेव ते!”

“आवं, दोन्ही बाजू वाजत्यात,” मी म्हटलं.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

त्यांच्या दुकानात कुणी तक्रार घेऊन आलं की यांचा पहिला प्रश्न ठरलेला: जोड उलटून बघितला का? इकडची तार तिकडं लावायची, बिघाड तिकडं गेला तर तारेत, नाही गेला तर आत. सगळ्यांना हे सांगणाऱ्या माणसानं इतक्या महिन्यांत तो हेडफोन एकदाही उलटा घातला नव्हता. मी उठले आणि उलटा करून त्यांच्या डोक्यावर चढवला. गाणं चालूच होतं.

“आता कंची बाजू बसलीय?” मी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

त्यांचा हात डाव्या कानाकडं गेला. मग म्हणाले, “डावीच.”

हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला. “म्हायत हुतं मला,” ते म्हणाले.

“कवापास्नं?”

“पुण्याहून परत आलं तवापास्नं. त्याच्या आधीबी असंल.”

“मग ह्यो चांगला पडदा कशापायी फाडाय निघालात?”

“ह्यो बिघडलेला असता तर लई बरं झालं असतं. ह्यो मला नीट करता येतो.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बीडला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवून तपासलं. डाव्या कानाची नस गेली होती. असा कान अचानक बसला तर पहिल्या काही दिवसांतच यायला हवं, त्या म्हणाल्या, तेव्हा औषधानं काही जणांचा परत येतो. आता फार आशा धरू नका. उजवा सांभाळा, दुकानात कान झाकून काम करा. मग त्यांनी विचारलं, “इतके दिवस काय करत होता?”

“हेडफोन दुरुस्त करत हुतो,” सोमेश्वर म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

स्टँडवर मी म्हटलं, आधी त्या पुण्याच्या माणसाला फोन करा. त्यांनी केला. “तुमचं काम बराबर हुतं, साहेब. मी वंगाळ बोललो. कान माझा गेलाय.” परक्या माणसापुढं ते पहिल्यांदाच हे म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर किती वेळ हात खिशात तसाच ठेवून उभे राहिले.

नेकनूरच्या गाडीत सवयीनं मी त्यांच्या डावीकडं खिडकीशी बसले. काही बोलायला लागले तर ते समोर बघत राहिले. मी उठले, त्यांना खिडकीकडं सरकवलं आणि उजव्या बाजूला बसले. मग मनात साठलेलं सगळं बोलले. औषध होतं तेव्हा तुम्ही मला सांगितलं नाही, म्हटलं. मशिनीला दोष देत बसलात, मला विश्वासात घेतलं नाही, म्हटलं. गाडीतली माणसं वळून बघत होती, बघू दे म्हटलं. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि या वेळी एक शब्दही चुकला नाही.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला, कपडे बदलले आणि पडवीत जाऊन हेडफोन डोक्यावर चढवला. तो उलटा होता. चुकून घातला असेल म्हणून मी सांगायला गेले, तर त्यांनी हातानं थांब म्हटलं. डावी वाटी उजव्या कानावर दाबून धरली होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

“ह्या बाजूला सारंगी हाय गं,” ते म्हणाले. “मी पार इसरलोच हुतो.”