रविवारी फक्त मालकिणीला मुभा

बोगुमिला कुझावाबाईंनी जन्मात एकच सही मनापासून केली आणि नेमकी तीच त्यांच्या अंगाशी आली. लग्नाच्या रजिस्टरातली धरली तर दोन, पण ती त्यांनी घाईत केली होती.

पोलंडमधल्या ओल्शान्का गावात, चर्चच्या बरोबर समोर, त्यांचं किराणा मालाचं दुकान आणि वर माडीवर घर. काही वर्षांपूर्वी त्यांचे यजमान झेनोन चर्चच्या दारात टेबल टाकून सह्या गोळा करत होते. रविवार देवाचा, रविवार कुटुंबाचा, रविवारी दुकानं बंद ठेवा. बाईंनी विचार केला, देवाच्या नावावर का होईना, आठवड्यातून एक दिवस पाय पसरून बसायला मिळेल. त्यांनी पहिल्याच पानावर, फादरच्या नावाखाली, सही ठोकली.

कायदा झाला. शहरातल्या मोठमोठ्या दुकानांना रविवारी कुलपं लागली. पण कायदा करणारेही जेवतातच की! त्यांनी एक फट ठेवली. मालक स्वतः गल्ल्यावर उभा राहणार असेल तर त्याने खुशाल दुकान उघडावं. घरच्या माणसांनी बिनपगारी हात लावला तरी हरकत नाही. पगारी माणूस उभा केला की मात्र दंड.

पहिल्या रविवारी बाईंनी खरंच दुकान बंद ठेवलं. कोंबडीचं सूप रटरटत होतं, शेवया उकडून तयार होत्या. इतक्यात मागच्या दारावर थाप. फादरच्या घरी स्वयंपाक करणारी यानिना उभी. तिला साय हवी होती. तिच्या मागे रविवार-रक्षण कमिटीचे अध्यक्ष लुडोमिर पावलाक. त्यांना मोहरीची चटणी.

"पावलाक, तुम्हीच ना बंदीचे अध्यक्ष?" बाई म्हणाल्या.

"मी कुठे कायदा मोडायला सांगतोय?" पावलाक म्हणाले. "तुम्ही मालकीण. तुम्हाला मुभा आहे."

त्या दिवसापासून ही मुभा बाईंच्या मानेवर बसली ती बसलीच. फादर उपदेशात सांगायचे की रविवारी दुकानातली ढकलगाडी हाकणं, गल्ला मोजणं हे आत्म्याला घातक. माणसं माना डोलवायची, 'आमेन' म्हणायची आणि वीस पावलं चालून बाईंच्या दुकानात रांग लावायची. वर कुणीतरी सुस्कारा टाकायचं, "काय बाई कष्ट करता हो, रविवारसुद्धा नाही." आणि लगेच, "ते चीज पातळ कापा हं." बाईंना वाटायचं, चीजबरोबर ह्यांची जीभही पातळ कापावी.

दुकानात कामाला असलेली याद्विगा रविवारी घरी झोपायची. बिचारी सरळ मनाची. म्हणायची, "बाई, मी तर सहीपण केली नव्हती, तरी सुट्टी मला." बाई बरण्या पुसत राहायच्या. बोलणार काय, कपाळ?

आणि झेनोन? ते कमिटीचे खजिनदार. बायकोने एकदा विचारलं, "तासभर तू उभा राहशील का? नवरा चालतो कायद्याला."

"बोगुशा, माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे," झेनोन म्हणाले. "मी रविवारी काम करताना दिसलो तर लोक काय म्हणतील?"

असं म्हणून तत्त्वनिष्ठ माणसाने सुपाची दुसरी वाटी भरून घेतली. बाईंचं सूप गार झालं होतं. दर रविवारी होतं. दारावर थाप पडली की त्या चमचा ठेवायच्या, ॲप्रन बांधायच्या आणि जिना उतरता उतरता म्हणायच्या, "आले, आले! काय हवंय? लवकर सांगा, माझं सूप गार होतंय." हे वाक्य गावात पोराटोरांना पाठ होतं.

यंदा नाताळाची जत्रा भरवायची ठरली. डिसेंबरातले तीन रविवार सरकारने सगळ्यांनाच दुकानं उघडायला मोकळे दिले होते. जत्रा त्यातल्या एखाद्या रविवारी ठेवावी असं शाळेचं म्हणणं होतं. फादरनी नकारार्थी मान हलवली. त्या रविवारी गाव चर्चसमोर थांबणार थोडंच, सगळं शहरातल्या मोठ्या दुकानांत पळणार. म्हणून जत्रा नोव्हेंबरच्या शेवटच्या, बंदीच्या रविवारी ठरली. देवाच्या दिवसाचं असंही रक्षण करता येतं.

जत्रेत मुलांचं येशूजन्माचं नाटक होतं, दुपारी एक वाजता, चर्चच्या सभागृहात. बाईंची नात कालिना सात वर्षांची. गेली दोन वर्षं ती मेंढी होती आणि दोन्ही वर्षं आजी गल्ल्यावर होती. यंदा तिला बढती मिळाली होती. ती सराईची मालकीण होणार होती. योसेफ आणि मेरी आसरा मागायला दार ठोठावतात, तेव्हा 'जागा नाही, जा' असं म्हणून तिने दार आपटायचं. एवढंच काम, पण पोरीने आठवडाभर घरातली सगळी दारं आपटून काढली.

शुक्रवारी ती दुकानात आली. बरणीतली गोळी न मागता नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, मेंढी बोलत नाही म्हणून तू आली नव्हतीस ना? आता मी बोलणार आहे."

बाईंनी तराजू बाजूला सारला. कायदा गेला खड्ड्यात, कमिटी गेली खड्ड्यात. ह्या वेळी नाटक चुकलं तर पोर पुन्हा विचारणारसुद्धा नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

रविवारी साडेबाराला त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि किल्ली सुपाच्या वाटीशेजारी, नवऱ्यासमोर ठेवली.

"हे काय?" झेनोननी विचारलं.

"किल्ली. तासाभराने येते."

"आणि कुणी आलं तर?"

"तर तुझं तत्त्व आणि तू बघून घ्या."

सभागृहात त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. लोक वळून वळून बघू लागले. शेजारची यानिना कुजबुजली, "अगं बाई, तुम्ही इथे? मग दुकानात कोण?" जणू चर्चचा मनोरा जागचा हलला होता. पुढच्या रांगेतले पावलाकही वळले. जत्रेतल्या गरम सरबताची साखर संपली होती. "नाटक जरा बाजूला ठेवा बाई, पाच किलो साखर द्या आणि या परत. गर्दी खोळंबलीय."

"नाटक झाल्यावर," बाई म्हणाल्या.

"पण तुम्हाला तर मुभा..."

पडदा वर गेला आणि पावलाकांना गप्प बसावं लागलं.

योसेफ झालेल्या मुलाने पुठ्ठ्याच्या दारावर थाप मारली. दार उघडलं. कालिना बाहेर आली, तिच्या कमरेला आजीचाच निळा ॲप्रन, दोनदा गुंडाळलेला. एवढी माणसं बघून तिचं वाक्य पळालं. तिने ॲप्रनला हात पुसले, कपाळावरची बट मागे सारली, आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"आले, आले! काय हवंय? लवकर सांगा, माझं सूप गार होतंय."

सभागृह कोसळलं. फादर डोळे पुसायला लागले. पावलाक तर गुडघ्यांवर थापा मारत होते. हसल्या नाहीत त्या एकट्या बोगुमिलाबाई. आपला सगळा संसार एका पुठ्ठ्याच्या दारात उभा राहिलेला त्यांनी पाहिला, आणि त्याला गाव पोट धरून हसत होतं.

नाटक बसवणारी सिस्टर विंगेतून सांगत होती, "जागा नाही म्हण, जागा नाही." पण पोरगी बावरली होती. कुणी दार ठोठावलं आणि आजीने नाही म्हटलं, असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने अंधारात डोळे बारीक करून शोधलं आणि तिसऱ्या रांगेत तिला आजी सापडली.

"आजी," तिने मोठ्याने विचारलं, "रविवारी बंद असं म्हणायचं का?"

हसू थांबलं. बाई उभ्या राहिल्या. आवाज दुकानातलाच लागला.

"म्हण, बाळा. बंद आहे म्हण."

"बंद आहे," कालिना योसेफला म्हणाली आणि तिने दार असं आपटलं की पुठ्ठ्याची भिंत मागच्या मेंढ्यांवर पडली.

बाहेर सरबत बिनसाखरेचंच राहिलं, बाई काही कालिनाजवळून हलल्या नाहीत. शेवटी पावलाक फादरना घेऊन साखरेसाठी झेनोनकडे गेले. खजिनदारांनी तत्त्वाचा विषय काढला. फादर म्हणाले, नवऱ्याला मुभा आहे, आणि सरबत देवाच्या कामाचंच आहे. झेनोननी वीसेक माणसांदेखत ॲप्रन बांधला.

पुढच्या बंदीच्या रविवारी दुकानाच्या दारावर बाईंच्या मोठ्या अक्षरात कागद होता: 'मालकीण जेवते आहे. कमिटीच्या कामासाठी खजिनदारांना हाक मारा.' हाका बारापासूनच सुरू झाल्या. झेनोन चमचा ठेवून जिना उतरायचे, चढायचे, पुन्हा उतरायचे. माडीवर बाई आणि कालिना समोरासमोर बसून गरम सूप भुरकत होत्या.

"आजी, आजोबांचं गार होतंय," कालिना म्हणाली.

"होऊ दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेवया वाढून घेतल्या.