पाटाच्या पाण्याचं प्रेमगीत

लग्नाच्या मांडवात ते गाणं सुरू झालं की मी उठते आणि मागे आचाऱ्याजवळ जाऊन बसते. अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या. इकडे वसईपासून विरारपर्यंत एक लग्न त्या गाण्याशिवाय लागत नाही. नवरा-नवरीला समोरासमोर उभं करतात, एक ओळ त्याने म्हणायची, एक तिने, आणि भोवतीच्या बायका डोळ्यांना पदर लावतात. कुणी सांगतं, हे गाणं दर्यात बुडालेल्या एका नाखव्याने केलं. आचोळ्याच्या एका मास्तरांनी तर ते किल्ल्यातल्या कुठल्याशा सरदाराच्या मुलीवर नेऊन घातलं. खोटं! साफ खोटं! ते गाणं आमच्या वाडीत झालं, केळीच्या बागेत, आणि ते करणारी दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. ती दोघं म्हणजे माझे आई-बाबा.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. मावशीचं बाळंतपण होतं म्हणून आई माहेरी, कळंबला गेली. परत आली तर विहिरीजवळचा सोनचाफा जागेवर नाही. लग्न झाल्यावर तिने माहेराहून रोप आणून लावलेलं ते झाड. त्याची सावली पानवेलींवर पडते म्हणून बाबांनी ते तोडलं, फांद्या सरपणाला रचून ठेवल्या, आणि वर तिलाच कौतुकाने दाखवायला लागले, "बघ, कसं लख्ख ऊन आलं!" आईने सरपणाकडे बघितलं. म्हणाली, "चुकलो म्हणा." बाबा म्हणाले, "कुणाला? झाडाला?" झालं! त्या दिवसापासून आई त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिला तेवढा एक शब्द हवा होता. बाबांच्या तोंडून दिवसभर काय वाट्टेल ते निघायचं, पण तो शब्द निघायचा नाही.

आता रुसवा घरात चालून जातो, वाडीत चालत नाही. तेव्हा विहिरीवर रहाट होता आणि त्याला रेडा जुंपलेला असायचा. बाबा रेड्यामागे गोल फिरायचे, पाणी पाटाने केळीत जायचं, आणि पार दुसऱ्या टोकाला आई कुदळ घेऊन उभी. एक वाफा भरला की मातीने त्याचं तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. मध्ये केळ इतकी दाट की या टोकाचं माणूस त्या टोकाला दिसायचं नाही. सगळं काम ओरडून चालायचं. आलं का, आलं, थांबवा, सोडा.

अबोला पडल्यावर हे ओरडणं माझ्या गळ्यात आलं. मी मधोमध उभी. इकडून आई, "तुझ्या बापाला सांग, पाट फुटला." तिकडून बाबा, "तुझ्या आईला सांग, मला दिसतंय." दिसतंय कसलं, डोंबल! माझा घसा बसायचा आणि ही दोघं आपापल्या जागी ताठ.

मग मला गालफुगी झाली. दोन्ही गाल टम्म, तोंड उघडेना. फडकं बांधून मी बांधावर बसले होते आणि पाणी वाफ्यातून उतू जायला लागलं. आई माझ्याकडे बघते, मी आईकडे बघते. आणि मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, तिने केळीकडे तोंड केलं आणि चक्क गायला लागली:

"पी गं बाई, पोटभर पी, पानी आलं तिसऱ्या वाफ्याला."

मग पलीकडून, त्याच चालीत, बाबा रेड्याला म्हणाले:

"चल रे राजा, हळूच चल, घाई नाही या पान्याला."

ती केळीशी बोलली होती, ते रेड्याशी. नवरा-बायकोत एक शब्द झाला नव्हता. गाणं म्हणजे काही बोलणं नव्हे, तेव्हा अबोला शाबूत! त्या दिवशी दोघंही मोठ्या समाधानाने जेवली, आपापल्या भिंतीकडे तोंड करून.

मग काय, रोजचंच झालं. वाफे भरत गेले तशी कडवी वाढत गेली. मध्येच आई टोमणा मारायची, "सावली गेली गं बाई, धनी तुझा उन्हाचा." त्यावर बाबा रेड्याला, "सुखी तू रे राजा, तुला नाही कुनी रुसायला." रेड्याला तर इतकी सवय लागली की गाणं थांबलं की तोही थांबायचा आणि कान हलवत उभा राहायचा.

आमच्या कुंपणाला लागून चर्चची वाट होती. शेजारचे ख्रिस्ती काका लग्नांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एका रविवारी मिस्सावरून परतताना ते कुंपणाशी थांबले ते थांबलेच. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती चाल पुतण्याच्या लग्नात वाजवली. चालीबरोबर शब्दही गेले. काकांनी फक्त एक सुधारणा केली. बाप्या माणूस 'राजा' कुणाला म्हणेल, असं वाटून त्यांनी ती ओळ नवरीला दिली आणि 'पी गं बाई' नवऱ्याला. म्हणजे आज नवरी लाजत लाजत नवऱ्याला जे म्हणते, ते माझ्या बापाने रेड्याला म्हटलेलं आहे! आणि तो तिला म्हणतो ते आईने केळीला. 'पाट फुटला, धावा धावा' या कडव्याला तर बायकांचे हुंदके ऐकवत नाहीत. त्यात रडण्यासारखं काय आहे, देव जाणे.

लोक मुद्दाम ऐकायला यायला लागले. मनवेलपाड्याची एक बाई आपल्या भांडकुदळ मुलाला आणि सुनेला घेऊन आली आणि कुंपणाशी उभं करून म्हणाली, "शिका जरा! याला म्हणतात संसार." मला राहवेना. मी म्हटलं, "मावशी, ही दोघं बोलत नाहीत हो एकमेकांशी."

"गप गं," ती म्हणाली. "एवढं गातात, बोलायला वेळ कुठून मिळणार?"

बाबांना हे सगळं चढलं. रहाटावर जायच्या आधी ते भांग पाडायला लागले, हो, रेड्यामागे फिरायला! अख्खा मुलूख वाहवा करतोय म्हटल्यावर 'चुकलो' म्हणायची गरजच काय? गाणं जितकं गाजलं तितका तो शब्द लांब गेला. मला त्या गाण्याची चीड आली ती तेव्हापासून. पाणी लावून झालं की लोक पांगायचे आणि आई सोनचाफ्याच्या तुटक्या बुंध्यावर जाऊन बसायची, पदराने तोंड पुसत. ते कुणी बघायला थांबायचं नाही. मी बघायची आणि मला बाबांचा भयंकर राग यायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग बाबांनी विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन आणलं.

ते सुरू होताना बघायला कुंपणाशी ही गर्दी. काका तर बँडची टोपी घालून, क्लॅरिनेट घेऊन आले होते. रेड्याला मोकळं सोडलं होतं. बाबांनी हँडल मारलं, धडधड सुरू झाली आणि पाण्याचा असा लोंढा आला की पाटात मावेना. सवयीने बाबांनी इंजिनालाच 'चल रे राजा' लावलं. पण त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. इकडे टोकाला आई गळ्याच्या शिरा ताणून गात होती. मी तिच्या शेजारी उभी, मलासुद्धा ओळ कळेना. वाफे भराभर फुटले, केळीची कोवळी पिलं आडवी झाली. आई गायची थांबली. तिने कुदळ खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

शेवटी बाबाच आले, केळीतून वाट काढत, गुडघाभर चिखलाने भरलेले. आडवी झालेली केळ त्यांनी बघितली, मग आईकडे बघितलं. इतक्या वर्षांत असे समोरासमोर कधी आले नव्हते. त्यांचे ओठ हलले. इंजिन धडधडतच होतं.

आई त्यांच्या कानाशी गेली आणि ओरडली, "बंद करा ते, आणि मग सांगा!"

आई बोलली होती!

बाबा एवढी बाग तुडवत परत गेले, इंजिन बंद केलं, पुन्हा आले. बाबांनी घाम पुसला, घसा खाकरला, खाली बघितलं आणि आडव्या पडलेल्या केळीला उद्देशून गायला लागले: "चुकलं बाई, चुकलं गं, चुकलं तुझ्या धन्याचं..."

कुंपणापलीकडे वाहवा उसळली. काकांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलंसुद्धा.

"गाऊ नका," आई म्हणाली. "बोला."

"अगं, गाऊ दे की त्यांना!" कुणीतरी ओरडलं. आई जागची हलली नाही. बाबांनी मान वर केली. एवढा आडदांड माणूस, पण घाबरला होता. चालीशिवाय तो शब्द त्यांना उचलतच नव्हता. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. मग इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं, म्हणाले, "चुकलो गं मी. तुला विचारायला हवं होतं."

"ऐकू नाही आलं!" कुंपणावरून आवाज आला. "पुन्हा होऊन जाऊ दे!"

आईने तिकडे बघितलंदेखील नाही. बाबांच्या बाहीवरचा चिखल तिने हाताने निपटून काढला. "जेवायला चला," म्हणाली. "भात निवला असेल."

आणि बाबा तिथेच, भर उन्हात, एवढ्या लोकांसमोर, हमसून हमसून रडायला लागले.